लेओनचं कॅथेड्रल (स्पेन): काचेच्या भिंती आणि त्या सावरणारे हात

निळाई (धागालेखिका)

स्पेनच्या सहलीचे बेत इथे नेहमी चर्चेला येतात. बहुतेकांच्या यादीत बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल आणि ग्रानादा असतात. उत्तरेकडचं लेओन कुणाच्याच यादीत दिसत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मे महिन्यात नवरा, मी आणि माझे सासरे असे तिघं तिथे जाऊन आलो. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत, उभा जन्म पुलांच्या आणि इमारतींच्या कामांवर गेला. नुसतं "वा, काय सुंदर" म्हणून पुढे सरकणं त्यांच्या स्वभावात नाही. "हे उभं कशावर आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. लेओनच्या कॅथेड्रलला हाच प्रश्न विचारायला हवा, असं मला आता पक्कं वाटतं.

गाव रोमन काळापासूनचं. सातव्या लीजनची (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीची) छावणी इथे होती आणि आज कॅथेड्रल आहे त्या जागी दुसऱ्या शतकात रोमनांची स्नानगृहं होती. दहाव्या शतकात राजा दुसरा ओर्दोन्यो याने तिथला आपला वाडा चर्चसाठी देऊन टाकला. त्याची समाधी आजही मुख्य वेदीच्या मागे आहे. मधल्या काळात तिथे रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या, जाड भिंतींच्या) पद्धतीचं चर्च होतं. आजचं गॉथिक काम १२५५च्या सुमारास बिशप मार्तिन फेर्नांदेस आणि राजा दहावा आल्फोन्सो यांच्या पाठबळावर जोरात सुरू झालं. आराखडा फ्रान्समधल्या रीम्सच्या कॅथेड्रलचा, पण आकाराने लहान: लांबी सुमारे ९० मीटर आणि आतली उंची सुमारे ३० मीटर. १३०२ पर्यंत मुख्य काम उरकलं होतं. अशा इमारतींना दोनदोनशे वर्षं लागल्याचं आपण वाचतो. इथे दोन पिढ्यांत काम झालं आणि त्यामुळे सगळी वास्तू एका विचाराची वाटते.

बाहेरून बघताना पश्चिमेच्या चौकात निवांत थांबा. दोन मनोरे आहेत, एकमेकांशी अजिबात न जुळणारे. उत्तरेचा घंटांचा मनोरा ६५ मीटर, दक्षिणेचा घड्याळाचा ६८ मीटर, आणि या दुसऱ्याचा कळस पंधराव्या शतकातला, दगडात जाळी कोरलेला. मनोरे मधल्या उंच दालनाला चिकटलेले नाहीत. दोघांमध्ये मोकळी फट आहे आणि त्या फटीतून आधाराच्या तिरक्या कमानी समोरूनच दिसतात. इतर ठिकाणी त्या बघायला इमारतीला वळसा घालावा लागतो.

खाली तीन दरवाजे आहेत. मधल्या दरवाज्यावर अंतिम न्यायाचा देखावा कोरला आहे. उजवीकडे पापी लोक कढयांत शिजताहेत. तिथे सगळेच फोटो काढतात. मला डावी बाजू जास्त आवडली. स्वर्गात जाणारी माणसं दारापाशी गप्पा मारत उभी आहेत, चेहऱ्यावर हसू आहे, अंगावरच्या कपड्यांच्या चुण्या अगदी खऱ्या. त्यांच्यात एकजण ऑर्गन वाजवतो आहे आणि शेजारी त्याचा भाता हलवणारा पोरगाही कोरलेला आहे. तेराव्या शतकातल्या पाथरवटाला स्वर्ग दाखवताना भाता मारणाऱ्या पोराची आठवण राहिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. मधल्या खांबावर 'गोरी मेरी' म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती आहे. ती प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती आत प्रदक्षिणामार्गावरच्या मधल्या देवळीत ठेवली आहे. दरवाज्यांच्या मधल्या जागेत एका खांबापाशी राजा सॉलोमन बसलेला दिसेल. मध्ययुगात तिथे न्यायनिवाडा चालत असे आणि अपिलाची जागा असल्याचं लॅटिनमध्ये खांबावरच कोरून ठेवलेलं आहे. घाईत हा खांब हमखास सुटतो.

आता आत.

सुमारे १८०० चौरस मीटर रंगीत काच. आपल्या हिशेबात १९ हजार चौरस फुटांच्या वर. मोठ्या खिडक्या, छोट्या खिडक्या आणि तीन गोल गुलाब-खिडक्या मिळून हा आकडा होतो. आकडा मी आधी वाचलेला होता, पण त्याने काहीच कल्पना येत नाही. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की भिंत म्हणावी अशी गोष्टच जवळपास नाही. खालच्या ओळीत खिडक्या, त्यावर अरुंद सज्जा आहे त्याच्या पाठीलाही काच, आणि सगळ्यात वर सुमारे १२ मीटर उंचीच्या खिडक्या थेट छतापर्यंत. दगड उरलाय तो फक्त खांबांपुरता आणि कमानींपुरता. छताचा भार छत्रीच्या काड्यांसारख्या दगडी फासळ्यांवरून खांबांवर उतरतो. बाहेर ढकलणारा जोर तिरक्या आधारकमानी पेलतात. त्यामुळे मधल्या भागाला वजन उचलायचं कामच उरत नाही, आणि तिथे काच बसवता येते. गॉथिक बांधणीचं हे तत्त्व सगळीकडे तेच आहे, पण स्पेनमध्ये ते इतकं टोकाला नेलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

खिडक्यांनाही क्रम आहे. खालच्या ओळीत पानंफुलं, मधल्या ओळीत ढाली आणि घराण्यांची चिन्हं, वर संत, राजे आणि प्रेषित. म्हणजे जमीन, माणसं आणि स्वर्ग. उत्तरेकडे जुन्या कराराची मंडळी, दक्षिणेकडे नव्या कराराची. उत्तरेला ऊन थेट लागत नाही, तिथे निळ्या-जांभळ्याचं राज्य. दक्षिणेला लाल आणि सोनेरी. वरच्या उत्तरेच्या खिडक्यांत एक वेगळीच आहे, तिला 'शिकार' म्हणतात: घोडेस्वार, कुत्री, शिकारी. चर्चच्या खिडकीत हे कसं? ती मूळची एखाद्या राजवाड्यासाठी केलेली असावी, असं अभ्यासक मानतात. दुर्बीण जवळ असेल तर ती खिडकी शोधाच. घोड्याच्या डोळ्याची रेघसुद्धा स्पष्ट दिसते.

बाबा मात्र काचेकडे कमी आणि सांध्यांकडे जास्त बघत होते. दक्षिणेच्या बाजूला बाहेर आल्यावर त्यांनी दाखवलं: काही चिरे झिजून गोल झालेले, पिवळट, आणि त्यांना लागूनच कडा शाबूत असलेले, सरळ घडवलेले चिरे. "ही बाजू उतरवून परत रचली आहे," ते म्हणाले. संध्याकाळी हॉटेलवर येऊन वाचत बसलो, तर खरोखरच एकोणिसाव्या शतकात जवळपास चाळीस वर्षं हे कॅथेड्रल दुरुस्त होत होतं. ते पडायला आलं होतं. मातिआस लाविन्या, हुआन दे माद्रासो, देमेत्रिओ दे लोस रिओस आणि हुआन बाउतिस्ता लासारो या चौघांनी एकामागून एक ते सावरलं आणि १९०१ मध्ये तिथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली. आज आपण तेराव्या शतकाचं म्हणून जे डोळे भरून बघतो, ते या चौघांच्या आणि त्यांच्या हाताखालच्या गवंड्या-सुतारांच्या जिवावर उभं आहे. कॅथेड्रलची बहुतेक माहिती बांधणाऱ्या राजांवर आणि बिशपांवर संपते. मला वाटतं, सावरणाऱ्यांची नावं तितक्याच मोठ्याने घ्यायला हवीत.

कुणी गेलं असेल तर जरूर लिहा. बांधकामातल्या जाणकारांनी दुरुस्तीबद्दल आणखी सांगितलं तर फार बरं होईल.

---

खडीसाखर

सुंदर लिहिलंयस निळाई. भाता मारणारा पोरगा डोळ्यासमोर आला. वाचनखूण साठवली. आम्ही सप्टेंबरमध्ये जातोय, सोबत आई असेल, वय ७२. दिवसाच्या कोणत्या वेळी जावं? आणि खूप चालावं लागतं का?

---

निळाई

धन्यवाद गं. चालण्याचा त्रास अजिबात नाही, आत सगळं सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तासांत लेओन येतं आणि स्टेशनपासून कॅथेड्रलपर्यंत सरळ रस्ता आहे.

वेळेबद्दल: सकाळी वेदीमागच्या पूर्वेच्या खिडक्या पेटतात. मधोमध येशूच्या वंशवृक्षाची खिडकी आहे, ती त्याच वेळी बघायची. दुपारी दक्षिणेची बाजू. सूर्य कलला की पश्चिमेची मोठी गुलाब-खिडकी. जमलं तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जा. तिकिटाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आधी बघून घे. आणि आईंना शाल घ्यायला सांग. गाव समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या वर आहे, दगडी इमारतीत गारवा असतो.

मधल्या दालनात गायकवृंदाची लाकडी आसनं आहेत, पंधराव्या शतकातली, अक्रोडाच्या लाकडाची. आईंना लाकडावरच्या कोरीवकामाची आवड असेल तर तिथेच अर्धा तास जाईल.

---

अभियंता७४

धागा बघून राहवलं नाही. मी जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीतच काम केलं आहे आणि लेओनचं प्रकरण आमच्या क्षेत्रात आवर्जून सांगितलं जातं. जरा सविस्तर लिहितो.

अडचणी तीन होत्या. पहिली दगडाची. बोन्यारच्या खाणीतला चुनखडीचा दगड घडवायला सोपा, रंगाने सुरेख, पण पाणी पितो. लेओनच्या हिवाळ्यात ते पाणी गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. दुसरी पायाची. खाली रोमन स्नानगृहांचे अवशेष, म्हणजे जमीन सगळीकडे सारखी घट्ट नाही. तिसरी आराखड्याची. इतके बारीक खांब आणि इतकी काच म्हटल्यावर चूक पोटात घालायला वस्तुमानच उरत नाही. जाड भिंतीचं बांधकाम थोडं खचलं तरी तग धरतं. इथे एक खांब हलला की त्याची खबर सगळ्या कमानींना लागते.

तरी ते बराच काळ टिकलं. १६३१ मध्ये मधल्या चौकाचं (लांब आणि आडवं दालन जिथे छेदतात त्या भागाचं) छत कोसळलं. तिथवरही सावरता आलं असतं. पण त्या जागी हुआन दे नावेदाच्या आराखड्याने घुमट चढवला गेला. तेव्हाची आवड घुमटाची होती. पुढे त्या चौकाच्या चार कोपऱ्यांवर जड कळसही आले. फासळ्यांच्या हलक्या छतासाठी बेतलेल्या चार खांबांवर असा बोजा टाकल्यावर ते बाहेर झुकणारच. दक्षिणेची बाजू ओळंब्यातून सरकत गेली. १७५५च्या लिस्बनच्या भूकंपाचे हादरे इथवर पोचले आणि दुखणं वाढलं.

१८४४ मध्ये सरकारने हे कॅथेड्रल राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. स्पेनमधलं ते पहिलं. पण जाहीर केल्याने दगड थांबत नाहीत. १८५०च्या दशकाच्या शेवटी छतातून तुकडे पडायला लागले आणि १८५९ मध्ये लाविन्याकडे काम आलं. त्याने घुमट उतरवला आणि दक्षिणेची बाजू उतरवायला घेतली. निदान बरोबर होतं, पण एका बाजूचा भार काढला की उरलेल्या कमानींचा जोर पेलायला समोर कुणी उरत नाही, त्या मोकळ्या झालेल्या बाजूला ढकलू लागतात. इमारत आणखी हलली. लाविन्या १८६८ मध्ये वारला.

मग १८६९ मध्ये माद्रासो आला, आणि इथे मी मनापासून टोपी काढतो. त्याने ठरवलं, आधी काहीही उतरवायचं नाही. आधी सगळ्या छतांना आणि कमानींना खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे टेकूंचा सांगाडा, लावायचा. आपण स्लॅब ओतायच्या आधी लावतो तसं नाही, उभ्या असलेल्या सहाशे वर्षांच्या छताखाली, त्याच्या प्रत्येक फासळीच्या वळणाला बेतून. म्हणजे अख्खं कॅथेड्रल लाकडावर विसावलं, दगडातला जोर मोकळा झाला आणि त्यानंतर सुरक्षितपणे उतरवून नव्याने रचता आलं. त्या लाकडी सांगाड्याची रेखाटनं आजही बघण्यासारखी आहेत. राजकारणापायी १८७९ मध्ये त्याला कामावरून दूर केलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. आपलं सेंटरिंग निघालेलं आणि छत स्वतःच्या बळावर उभं राहिलेलं त्याला बघायला मिळालं नाही. ते भाग्य देमेत्रिओ दे लोस रिओसला मिळालं.

निळाईताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. चिऱ्यांच्या कडांवरून ओळखणं ही अनुभवाची नजर आहे.

---

पाचूबंदर

अभियंता, अप्रतिम माहिती. निळाईताई, लेखही उत्तम. पण मला एक प्रश्न मनापासून पडला आहे. इतकं सगळं उतरवून पुन्हा रचलं असेल, तर आपण नक्की कशाचं कौतुक करतोय? तेराव्या शतकाचं, की एकोणिसाव्या शतकाला तेरावं शतक जसं हवं होतं त्याचं? माझ्या वाचनात आलंय, की दुरुस्ती करणाऱ्यांनी पश्चिमेच्या दर्शनी भागावरचं सोळाव्या शतकातलं रेनेसाँ पद्धतीचं शिखर काढून त्या जागी नवं गॉथिक शिखर बसवलं. अठराव्या शतकातली भव्य बरोक वेदीही हलवली. हा जुन्यावर अन्यायच नाही का?

---

निळाई

प्रश्न रास्त आहे आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बरोक वेदी गावातल्याच दुसऱ्या चर्चमध्ये गेली. तिच्या जागी पंधराव्या शतकातल्या निकोलास फ्रान्सेसची चित्रं जुळवून केलेली वेदी आहे. त्या काळात फ्रान्सचा वास्तुकार व्हिओले-ल-द्युक याचा प्रभाव होता. इमारत 'शुद्ध' करावी, नंतरची भर काढून टाकावी, असा तो विचार. माद्रासोवरही तो प्रभाव होता. आजचे जाणकार तसं करणार नाहीत, आणि मलाही ते रेनेसाँ शिखर बघायला आवडलं असतं.

पण दोन गोष्टींत फरक करावासा वाटतो. शिखर बदलणं ही आवड होती. मधला घुमट काढणं ही गरज होती, तो राहिला असता तर आज ना तेरावं शतक दिसलं असतं ना सोळावं. आणि काच? खालच्या ओळीतल्या बऱ्याच खिडक्या मध्यंतरी भिंती घालून बुजवलेल्या होत्या, तिथली काच एकोणिसाव्या शतकातली आहे, हे लपवलेलं नाही. वरच्या ओळीत मात्र मध्ययुगातली काच मोठ्या प्रमाणावर आहे. दुरुस्तीच्या काळात ती तावदानं खाली उतरवून ठेवली होती. लासारोने लेओनमध्येच कारखाना उभा करून ती नीट केली आणि परत चढवली.

---

मांडवीकाठ

या चर्चेत गोव्यातलं एक उलटं उदाहरण मांडतो. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला मुळात दोन मनोरे होते. १७७६ मध्ये एक कोसळला आणि तो पुन्हा बांधलाच नाही. आज दर्शनी भाग एका बाजूने रिकामा दिसतो. ते पोर्तुगीज परंपरेतलं काम, गॉथिकशी त्याचा संबंध नाही, पण पाचूबंदर यांच्या प्रश्नासाठी उपयोगी आहे. मी लहानपणापासून तो एकच मनोरा बघत आलोय आणि दुसरा आता कुणी बांधला तर मला तो परका वाटेल. मनोरा पडला तरी चर्च वापरता येतं. लेओनमध्ये मधलं छत पडलं असतं तर बाकीचं सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं. म्हणून तिथे बांधावंच लागलं, असं माझं मत.

आणखी एक. आमच्याकडे जुन्या चर्चमधून आणि घरांमधून काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदानं असत. ऊन आत येतं पण दुधट, मऊ होऊन. आमच्या उन्हाला तेच बरोबर. लेओनसारखी काच इथे लावली असती तर दुपारी आत बसवलं नसतं.

---

काचवेडी

इतकी काचेची चर्चा चालू आहे तर माझं दोन पैशांचं. मी रंगीत काचेचं काम शिकले आहे.

मध्ययुगातली काच रंगवलेली नसते, रंग वितळत्या काचेतच घालतात. कोबाल्टने निळा, तांब्याने लाल आणि हिरवा. लालची गंमत अशी, की तांब्याचा लाल पूर्ण जाडीत घातला तर काच काळीकुट्ट दिसते, उजेड पलीकडे जातच नाही. म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवत. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या या फक्त काळपट-तपकिरी रंगाने काढायच्या आणि भट्टीत भाजायच्या. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे डाखायचे आणि लोखंडी गजांना बांधून खिडकीत उभे करायचे. शिशाच्या रेघा जमिनीवरून चित्राच्या रेघा वाटतात. चांगला कारागीर सांधा अशाच जागी आणतो जिथे चित्राला रेघ हवीच असते.

जुन्या काचेत पोटॅशचं प्रमाण जास्त, त्यामुळे दमट हवेने तिच्यावर बारीक खड्डे पडतात. तिची देखभाल हे कधी न संपणारं काम आहे.

आणि माद्रासो लेओनच्या छताला टेकू देत होता त्याच दशकात मुंबईत काय चाललं होतं? १८७४ मध्ये विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह पुरं झालं. आराखडा इंग्लिश वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटचा, जो भारतात कधी आलाच नाही. त्याच गॉथिक पुनरुज्जीवनाची ही दोन टोकं: तिकडे जुनं सावरत होते, इकडे त्याच भाषेत नवं बांधत होते. त्या सभागृहातही गोल गुलाब-खिडकी आहे, तिच्यात बारा राशी आहेत. लेओनला जाणं जमणार नाही त्यांनी निदान ती बघावी. रंगीत उजेड फरशीवर कसा पसरतो ते तिथेही कळतं.

---

वाटसरू

मी लेओनला चालत पोचलो होतो, स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेच्या वाटेवर. आदल्या रात्री मान्सिया दे लास मुलासला मुक्काम होता, तिथून सुमारे १८ किलोमीटर. त्याआधीचे कित्येक दिवस सपाट माळ, गहू आणि डोक्यावर ऊन, सावलीला झाड नाही. त्यानंतर या कॅथेड्रलमध्ये शिरणं म्हणजे काय ते चालणाऱ्यालाच कळेल. माझ्या शेजारी एक वयस्क कोरियन बाई बूट काढून नुसत्या वर बघत बसल्या होत्या. मध्ययुगात शेकडो मैल चालून येणाऱ्या यात्रेकरूंनाही हेच दिसलं असणार. त्यांच्या घरात तर साधी काचही नसे.

अभियंतांनी पायाबद्दल लिहिलंय त्यावरून एक दंतकथा आठवली. गावात सांगतात, की दिवसा जे बांधून व्हायचं ते रात्री एक भलामोठा चिचुंद्रीसारखा प्राणी, जमीन पोखरणारा, खालून उकरून पाडायचा. शेवटी लोकांनी पहारा ठेवून त्याला सोटे घालून मारलं आणि त्याचं कातडं सेंट जॉनच्या दरवाज्यावर आतल्या बाजूला टांगलं. ते तिथे खरंच टांगलेलं होतं. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा ती निघाली समुद्री कासवाची पाठ, बहुधा कुणा भाविकाने नवसाला वाहिलेली. पण गोष्ट किती नेमकी आहे बघा. दुखणं पायाखाली आहे, हे गावाला शतकानुशतकं ठाऊक होतं.

---

अभियंता७४

वाटसरू, ही गोष्ट मला माहीत नव्हती, फार आवडली.

आगीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून जोडतो. २९ मे १९६६ च्या संध्याकाळी वीज पडून कॅथेड्रलच्या लाकडी छपराने पेट घेतला. दगडी छताच्या वर जे उतरतं छप्पर असतं, ते. अख्खं गाव चौकात जमलं. अशा वेळी कुणीही म्हणेल, पाणी मारा. पण तिथल्या बांधकामाची रोजची देखभाल करणाऱ्या जाणत्या माणसाने पाणी मारू नका म्हणून सांगितलं. कारण तोच बोन्यारचा दगड. तापलेल्या सच्छिद्र दगडावर गार पाणी पडलं तर तो तडकणार, शिवाय पाणी पिऊन जड होणार आणि छत खाली येणार. लाकूड जळून जाऊ दिलं. छप्पर गेलं, पण दगडी छतं उभी राहिली आणि खिडक्याही वाचल्या.

सगळा गाव डोळ्यांसमोर जळणारं कॅथेड्रल बघतोय आणि अशा वेळी "थांबा" म्हणायला काय धीर लागत असेल! तो दगड ज्याने रोज हाताळला त्यालाच ते म्हणता आलं. निळाईताईंच्या सावरणाऱ्यांच्या यादीत हा माणूसही हवा.

---

निळाई

हवाच. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "साइटवरच्या माणसाचं ऐकलं, हे मोठं." त्यांच्या नोकरीत असं ऐकलं न गेल्याचे प्रसंग त्यांनी पाहिले आहेत.

काचवेडी, शिशाच्या रेघांबद्दल आधी वाचलं असतं तर त्या नजरेने बघितलं असतं. आता फोटो काढून बसले आहे आणि खरंच, 'शिकार'मध्ये घोड्याच्या मानेची रेघ म्हणजे सांधा आहे.

---

खडीसाखर

अजून एक शंका, मग तुम्हाला सोडते. आमच्याकडे माद्रिदहून उत्तरेला जायला वेळ थोडाच आहे. बुर्गोसचं कॅथेड्रल जागतिक वारसा यादीत आहे, लेओनचं नाही. बुर्गोस सोडून लेओनला जावं का? आणि आई शाकाहारी आहे, तिचं काय?

---

वाटसरू

खाण्याचं मी सांगतो. कॅथेड्रलजवळच जुन्या गल्ल्यांचा भाग आहे, बारियो उमेदो. पेयासोबत छोटी बशी फुकट देतात. पण बहुतेक बशांत मांस असतं, गावाची ओळखच सुकवलेलं गोमांस आणि रक्ताचं सॉसेज. बटाट्याच्या फोडी आणि चीज मिळतं, ते आधीच सांगून मागायचं. बटाट्याच्या जाड ऑम्लेटमध्ये अंडं असतं, चालत असेल तर उत्तम.

---

निळाई

जमलं तर दोन्ही कर, आणि आधी बुर्गोस. कारण सांगते.

बुर्गोस १२२१ मध्ये सुरू झालं, लेओनच्या आधी. आणि पुढच्या शतकांनी त्यावर भरभरून चढवलं: पंधराव्या शतकात हुआन दे कोलोनियाचे जाळीदार कळस, सोळाव्यात दिएगो दे सिलोएचा सोनेरी जिना, आणि १५३९ मध्ये मधला मनोरा कोसळल्यावर १५६८ मध्ये पुरा झालेला नवा, ज्याचं ताऱ्याच्या आकाराचं छत खालून बघत राहावं असं आहे. तिथे दर पावलाला काहीतरी नवं, डोळा एका जागी ठरत नाही. लेओनमध्ये याच्या उलट, एकच गोष्ट आणि ती शेवटपर्यंत नेलेली. आईंना कोरीवकाम, समाध्या, चित्रं बघायला आवडत असेल तर बुर्गोस. शांत बसून उजेड बघायचा असेल तर लेओन. मला एकच निवडायला सांगितलं तर मी लेओन निवडेन. वारसा यादीवरून ठरवू नकोस.

पण दोन्ही जमलं तर एक गोष्ट जरूर ताडून बघ. मास्टर एन्रिके नावाचा मुख्य कारागीर तेराव्या शतकात दोन्ही कामांवर होता. १२७७ मध्ये तो गेला आणि लेओनचं काम हुआन पेरेसने पुढे नेलं. म्हणजे बुर्गोसच्या मूळ दालनातल्या कमानी आणि भिंती बघून घ्यायच्या, मग लेओनला येऊन त्याच पिढीने भिंत किती कमी केली ते बघायचं. बुर्गोसहून लेओन रस्त्याने १८० किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळी निघालात तर दुपारच्या उन्हात दक्षिणेच्या खिडक्या सापडतील.